दुधाची गाडी : एका कामकरी वाहनाच्या जतनाविषयी

मराठीत ‘टेम्पो’ हा शब्द आता कोणी परका मानीत नाही. कांदा टेम्पोत भरला जातो, वऱ्हाड टेम्पोने जाते, बिऱ्हाड हलवायचे झाले की टेम्पो ‘सांगितला’ जातो. मुळात हे एका जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनीने त्या जर्मन कंपनीशी करार करून तीनचाकी मालगाडी भारतात तयार करण्यास प्रारंभ केला आणि पाहता पाहता विशेषनामाचे सामान्यनाम झाले. २००५ साली कंपनीने आपले नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ केले. पण शब्द कंपनीच्या हाती राहिलेला नव्हता, तो लोकांचा झाला होता. एखादी वस्तू भाषेत इतकी मुरते तेव्हा ती जगण्यातही तितकीच मुरलेली असते. असे असूनही या वस्तूंपैकी एखादी जपून ठेवावी असे आपल्याला सहसा वाटत नाही. राजेरजवाड्यांच्या मोटारी जपल्या जातात, त्यांच्या मिरवणुका निघतात. दूध वाहून नेणारी गाडी मात्र थकली की भंगारात जाते.

भवानीनगरच्या परिसरात, म्हणजे इंदापूर आणि बारामती तालुक्यांच्या या सांध्यावर, दुधाचे कॅन गोळा करीत फिरलेल्या जुन्या गाड्यांपैकी निदान एक तरी तिच्या मूळ रूपात राखली जावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ती का राखावी आणि कशी राखावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या भागाची ओळख सांगताना आपण उसापासून सुरुवात करतो, आणि ते साहजिकही आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा यांची कामे झाली, माळरानात पाणी आले. १९३०च्या दशकात वालचंदनगरला खाजगी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०च्या दशकातील सहकाराच्या लाटेत भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आला. कारखान्याची चिमणी लांबून दिसते. दुधाला अशी चिमणी नाही. म्हणून दुधाचा इतिहास नजरेआड राहतो. परंतु थोडे खोलात गेले तर असे दिसते, की ज्याच्या रानाला कालव्याचे पाणी होते त्याचे घर उसाने उभे केले आणि ज्याच्या रानाला ते नव्हते त्याच्या घरची चूल दुधाने पेटती ठेवली.

या दोहोंतला फरक पैसा येण्याच्या रीतीत आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. मग तोड, मग वजन, मग पहिली उचल, मग उरलेले बिल. हा पैसा मोठा असतो. पण तो येतो सावकाश आणि बहुधा सोसायटीचे कर्ज वळते करूनच हाती पडतो. दुधाचा हिशेब दर दहा दिवसांनी होतो. आपल्याकडे त्याला ‘दुधाचे बिल’ म्हणण्यापेक्षा ‘दुधाचा पगार’ म्हणण्याची पद्धत आहे आणि त्या शब्दात पुष्कळ अर्थ भरलेला आहे. ज्याच्या घरात कोणी नोकरीला नाही, त्यालाही दहा दिवसांनी पगार! किराणा, शाळेची फी, दवाखाना, एस. टी. चा पास हे खर्च वर्षातून एकदा येणाऱ्या पैशाच्या तालावर चालत नाहीत. ते दुधाच्या पैशाच्या तालावर चालतात. आपल्या महाविद्यालयातील किती विद्यार्थ्यांची फी अशा पगारातून भरली गेली असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण वर्गात हात वर करायला सांगितले तर हातांची संख्या थोडी नसेल.

ऊस आणि दूध हे परस्परांचे वैरी नव्हेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. तोडणीच्या हंगामात उसाचे वाढे हाच जनावरांचा मोठा चारा. स्वतःचा ऊस नसणाराही वाढ्याच्या पेंढ्या विकत आणून गाय सांभाळू शकतो. साखर कारखान्याकडे जाते ते कांडे आणि गोठ्याकडे येते ते वाढे, अशी ही वाटणी आहे.

आता गाडीकडे वळू. दूध हा माल मोठा नाजूक. धार काढली तेव्हा ते जनावराच्या अंगाइतके कोमट असते आणि जंतूंना असे कोमट दूध फार मानवते. उन्हाळ्याच्या उष्म्यात त्यांची संख्या अर्ध्या-अर्ध्या तासाला दुप्पट होऊ शकते. हे दुपटीचे गणित शाळेतल्या बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या गोष्टीसारखे आहे : आधी काही जाणवत नाही आणि मग एकाएकी सगळे हाताबाहेर जाते. तीन-चार तासांत दुधाला आंबूस वास लागतो. तापवायला ठेवले की ते नासते. हेच दूध चार अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले तर जंतूंची वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे धार काढल्यापासून दूध थंड होईपर्यंतचे जे तास, त्यांत सारा खेळ. शहराच्या बाजाराशी नाते जोडायचे तर हे तास कोणीतरी जिंकले पाहिजेत. यंत्रे शीतकरण केंद्रात होती, गायी वाड्या-वस्त्यांवर होत्या आणि मधले अंतर कापणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे दुधाची गाडी.

गाडी येण्यापूर्वी काय होते? दूध घरात होते, त्याचे दही-ताक होई, लोणी कढवून तूप होई. जास्तीचे असेल तर खवा आटवला जाई. गावात रतीब घालणारे गवळी होते. पण रतिबाची पोच गवळ्याच्या पायांएवढी, फार तर सायकलीएवढी. खिलार ही आपली मानाची जात, पण ती ओढकामाची. दुधाला ती कधीच भारी नव्हती. त्यामुळे विकण्याजोगे दूध थोडे आणि जे होते ते दूर नेण्याची सोय नाही, असे दुहेरी कुलूप होते.

हे कुलूप उघडणाऱ्या किल्ल्या अनेक ठिकाणी तयार झाल्या. गुजरातेत आणंदला १९४६ साली सहकारी दूध संघ स्थापन झाला. मुंबईच्या दुधासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली. पुणे जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, ज्याला आपण कात्रज डेअरी म्हणून ओळखतो, १९६० चा. कोल्हापूरचा गोकुळ १९६३ चा. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे ‘बाएफ’ ही संस्था काढली आणि संकरित गायींचे काम गोठ्यागोठ्यांपर्यंत नेले. १९७० पासून दुधाचा महापूर योजना सुरू झाली. या सर्वांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा येथे विस्तार करीत नाही. एवढेच म्हणतो, की या प्रत्येक संस्थेच्या इतिहासात अध्यक्षांची नावे आहेत, इमारतींची छायाचित्रे आहेत. परंतु पहाटे गाडी काढणाऱ्या ड्रायव्हरचे आणि कॅन चढवणाऱ्या क्लीनरचे नाव शोधू म्हटले तरी सापडत नाही.

गाडीचा दिनक्रम सर्वत्र साधारण सारखा असे. पहाटे, अंधार असतानाच, रिकामे कॅन घेऊन गाडी निघे. तिच्या मार्गाला ‘रूट’ म्हणत आणि रूटवरचे प्रत्येक गाव घड्याळाला बांधलेले असे. गावच्या दूध संस्थेत लोक किटल्या, चरव्या घेऊन रांगेत उभे राहत. मापाड्या लिटरचे माप भरी, सचिव वहीत आकडा मांडी. दुधात लॅक्टोमीटर सोडून ‘डिग्री’ पाहिली जाई. पाणी घातले की दूध पातळ होते आणि ही काचेची नळी अधिक खोल बुडते, इतके साधे ते शास्त्र. फॅट काढण्याची रीत गर्बर नावाच्या स्विस रसायनज्ञाची, १८९२ च्या सुमाराची. ठरावीक मापाचे दूध, गंधकाम्ल आणि अमाइल अल्कोहोल एका काचेच्या नळीत घालून ती गरगर फिरवायची, की स्निग्धांश वेगळा होऊन नळीच्या गळ्यात चढतो आणि रेघांवर त्याचे प्रमाण वाचता येते. या रेघेवरून गावात किती भांडणे झाली असतील! “माझ्या म्हशीची फॅट काल सात आणि आज साडेपाच कशी?” हा प्रश्न संस्थेच्या दारात रोज कोणीतरी विचारीत असे आणि त्याचे उत्तर प्रत्येक वेळी प्रामाणिक मिळेच असे नाही.

मग दूध कॅनमध्ये ओतले जाई. ॲल्युमिनियमचा चाळीस लिटरचा भरलेला कॅन म्हणजे दुधाचेच वजन एकेचाळीस किलोच्या आसपास, वर कॅनचे वेगळे. असे शंभर कॅन म्हणजे चार हजार लिटर. हे कॅन एकेक करून हातांनी वर चढवायचे, हौद्यात बुडावर गोल फिरवीत पुढे सरकवायचे आणि केंद्रावर पुन्हा उतरवायचे. काही गाड्यांत मध्ये फळ्यांचा माळा टाकून कॅनचे दोन थर लावीत. उन्हाळ्यात वरून ओले गोणपाट टाकीत. परतीच्या फेरीत धुतलेले रिकामे कॅन येत आणि त्यांच्याबरोबर सरकी पेंडीची पोती, कोणाचे औषध, कोणाचा निरोप, कधी शाळा-कॉलेजाला निघालेली मुले. रीतसर परवान्याच्या दृष्टीने यातले काही बसत नव्हते. पण जेथे दिवसातून एकदाच एस. टी. येई तेथे दुधाची गाडी हाच मोठा आधार होता.

या गाड्या कोणत्या होत्या हे पाहू लागलो, की एक मौजेची गोष्ट हाती येते. आपल्या तालुक्यात वालचंदनगर वसवणारे वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, डिसोटो आणि फार्गो या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. नावे तीन, पण मालट्रकच्या बाबतीत आतली वस्तू जवळजवळ एकच! म्हणजे इंदापूर तालुक्यात साखरेचा उद्योग आणणारा माणूस आणि त्या काळच्या रस्त्यांवर धावणारा फार्गो ट्रक यांचे मूळ एकाच घरात आहे. आपल्या परिसरात असा एखादा ट्रक राखला गेला, तर तो दुधाइतकाच उद्योगाच्या इतिहासाचाही साक्षीदार ठरेल.

दुसरे घराणे टाटांचे. जमशेदपूरच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार केला. तो १९६९ मध्ये संपला. म्हणून जुन्या टाटा ट्रकच्या जाळीवर तीन पात्यांची चांदणी असेल, तर तो ट्रक त्या पंधरा वर्षांतला असे सामान्यतः समजावे. त्यानंतर चांदणी गेली आणि टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. गावच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या तोंडी मात्र ‘मर्सडी’ हे नाव पुढेही कितीतरी वर्षे टिकले. तिसरे घराणे पुण्याचे, अर्थात टेम्पोचे. पुढच्या एकाच चाकाला जोर देणारा, फटफट आवाजाचा तीनचाकी टेम्पो आधी आला आणि १९६९ साली चारचाकी मॅटॅडोर. ज्या बोळवाटांवर मोठा ट्रक शिरत नसे, तेथे अशा लहान गाड्यांची सोय होती.

परंतु या गाड्या पूर्णपणे कारखान्यातच तयार होत असे समजू नये. कारखान्यातून येई ती चेसिस आणि तिच्यावरचे यंत्र. लाकडी बॉडी बांधत ते आपल्याकडचे सुतार आणि लोहार. फळ्यांमध्ये वाऱ्यासाठी फटी किती ठेवायच्या, फाळका कोणत्या उंचीवर उघडला म्हणजे कॅन चढवताना कमरेला कमी झीज पोचेल, कडी कोठे बसवायची, हे कोणत्याही जर्मन आराखड्यात नव्हते. ते कामातून सुचलेले शहाणपण होते. म्हणूनच आपल्या दृष्टीने अशा गाडीचे इंजिन जितके मोलाचे, त्याहून तिचा हौदा अधिक मोलाचा आहे. एकसारखी इंजिने हजारो झाली. अमुक गावच्या सुताराने अमुक संस्थेसाठी बांधलेला हौदा एकच. त्याच्या फळ्यांवर कॅनच्या बुडांनी उमटवलेली गोल वळे, फाळक्यावर रंगाऱ्याने काढलेले देवाचे नाव, सांडलेल्या दुधाने कुजलेला आणि मग पत्रा मारून बुजवलेला कोपरा, हे सारे वाचता आले पाहिजे.

मग या गाड्या गेल्या कोठे? त्यांना कोणी हुसकले नाही. त्यांचे कामच संपले. गावातल्या संस्थेतच दूध थंड करणारी मोठी टाकी, बल्क कूलर, बसू लागली. दूध तेथेच चार अंशांवर आले, की धावपळीचे ते मधले तास उरत नाहीत. मग पोलादी, उष्णतारोधक टँकर सवडीने येतो, नळी जोडतो, दूध ओढून घेतो आणि जातो. कॅन चढवणारे हात लागत नाहीत. दुधाची प्रत सुधारली, नासाडी कमी झाली. हे चांगलेच झाले आणि त्याबद्दल हळहळ व्यक्त करण्याचे कारण नाही. जतन करणे म्हणजे मागे जाणे नव्हे. पण काम संपलेल्या वस्तूला आपल्या व्यवस्थेत जागा नसते. लोखंडाला वजनावर भाव मिळतो, लाकूड सरपणाला जाते आणि ॲल्युमिनियमचे कॅन वितळवले जातात.

कायदाही येथे फारसा आधार देत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘विंटेज’ वाहनांसाठी वेगळी सोय केली. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले वाहन असेल तर त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. मात्र या व्याख्येत दुचाकी आणि प्रवासी मोटारी येतात. मालमोटार त्यात बसत नाही. हौसेने बाळगलेली गाडी ‘विंटेज’ आणि घाम गाळलेली गाडी निव्वळ जुनी, असा याचा अर्थ होतो. नियम करणाऱ्यांच्या मनात असा भेद असेलच असे नाही. पण परिणाम तोच. अर्थात गाडी रस्त्यावर आणायचीच नसेल, छपराखाली उभी करून दाखवायची असेल, तर हा प्रश्न बराच सुटतो. बारामतीस उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. तेथे विचारपूस करून गाडीच्या जुन्या नोंदणीचा निकाल रीतसर लावून घ्यावा आणि मगच तिला हात लावावा, हे उत्तम.

‘एवढी घाई कशाला? पुढे बघू’ असे म्हणणाऱ्यांसाठी मुंबईच्या ट्रामचे उदाहरण पुरेसे आहे. १९६४ च्या ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम धावली. एके काळी त्या शहरात ट्रामच्या डब्यांची वाण नव्हती. अर्धशतकाने संग्रहालयासाठी एक डबा हवा झाला, तेव्हा तो कलकत्त्याहून आणावा लागला. सर्वसामान्य वस्तूचे हेच होते. ती सगळीकडे असते तोवर तिची कोणी पर्वा करीत नाही आणि मग ती एकाच वेळी सगळीकडून नाहीशी होते. दुर्मिळ वस्तू दुर्मिळ म्हणून आधीच जपलेली असते. खरा धोका असतो तो मुबलक वस्तूला.

असे प्रयत्न इतरत्र झालेले आहेत. इंग्लंडात दारोदार दुधाच्या बाटल्या पोचवणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या असत. बर्मिंगहॅमजवळ वायथॉल येथील वाहतूक संग्रहालयात त्या राखलेल्या आहेत. आपल्या देशात गुरुग्रामजवळ तावडू येथे २०१३ साली खाजगी प्रयत्नातून वाहतुकीचे मोठे संग्रहालय उभे राहिले. पण तेथे नेऊन ठेवलेला आपला ट्रक तेथे परका होईल. रूटवरच्या गावांना तो चालत जाऊन पाहता आला पाहिजे, त्याला हात लावून “या कडीत माझे बोट चेमटले होते” असे सांगणारा माणूस शेजारी असला पाहिजे. म्हणून जागा याच परिसरातली हवी. मग ती दूध संस्थेची असो, कारखान्याची असो वा महाविद्यालयाची.

आता जतन कसे करावे, हा प्रश्न. याबाबत आपल्याकडचा अनुभव काही आशादायक नाही. जुन्या देवळाला भडक ऑइलपेंट फासला की आपण त्याला जीर्णोद्धार म्हणतो. दगडावरची छिन्नीची खूण बुजली तरी चालेल, चकचकीत दिसले पाहिजे! गाडीचे तसेच होण्याची भीती आहे. हौशी मंडळी गाडी मिळाली की प्रथम खरवडतात, पत्रा ठोकून सरळ करतात, नवा रंग देतात, नव्या फळ्या ठोकतात. गाडी सुंदर दिसते खरी. पण तिच्याकडे सांगण्यासारखे काही उरत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे, की दुधाच्या गाडीबाबत दुरुस्ती कमीत कमी असावी आणि राखण जास्तीत जास्त. पोचा आहे तसा ठेवावा. रंग उडाला असेल तर उडालेला ठेवावा. १९८९ पूर्वीची जुन्या पद्धतीची क्रमांकाची पाटी असेल, तर ती म्हणजे दस्तऐवजच. तिच्यावर ब्रश फिरवू नये. चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक ही तर गाडीची जन्मपत्रिका.

पहिली गोष्ट छप्पर. ताडपत्री घट्ट गुंडाळून गाडी उघड्यावर ठेवणे हे ती उघडी ठेवण्याहून वाईट. आत दमट हवा कोंडते आणि गंज वाढतो. वारा खेळता हवा, पाऊस नको. चाकांवरचा भार काढण्यासाठी आसाखाली लाकडी ठोकळे द्यावेत, म्हणजे टायर एका जागी बसत नाहीत आणि पाट्यांवरचा ताण कमी होतो. टाकीतले इंधन आणि रेडिएटरमधले पाणी काढून टाकावे, बॅटरी उतरवून ठेवावी. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून इंजिन अधूनमधून हाताने फिरवावे, म्हणजे ते धरत नाही. दुधाच्या गाडीचा विशेष रोग हौद्याच्या तळाशी असतो. सांडलेले दूध आंबते, त्यातले आम्ल लोखंड खाते आणि लाकडात मुरते. तेव्हा तळ साध्या पाण्याने हलक्या हाताने धुऊन पूर्ण सुकवावा. लाकडाला वाळवीचा बंदोबस्त आधी करावा आणि मग जवसाचे तेल पातळ हाताने द्यावे. लोखंडावरचा सुटा गंज मऊ ब्रशाने काढून उरलेला टॅनिक आम्लाने स्थिर करता येतो. हिरड्यात जे तुरट द्रव्य असते, त्याच घराण्यातले हे आम्ल. गंज पूर्ण काढण्यापेक्षा तो पुढे सरकू न देणे हे धोरण बरे. आणि या प्रत्येक पायरीआधी छायाचित्र काढून काय केले, केव्हा केले, याची नोंद वहीत ठेवावी.

इंजिन चालू करून दाखवावे काय? याविषयी मतभेद होतील. चालत्या यंत्राचा आवाज लहान मुलांना शंभर फलकांपेक्षा अधिक सांगून जातो, हे खरे. पण चालू ठेवायचे म्हणजे सुटे भाग बदलत राहावे लागतात आणि काही वर्षांनी मूळचे थोडेच उरते. एकच गाडी हाती असेल तर ती शांत उभी ठेवावी, असा कौल मी देईन.

गाडी ही अर्धीच वस्तू झाली. तिच्याबरोबर कागद हवेत : नोंदणी पुस्तक, परवाना, रूटचे वेळापत्रक, संस्थेच्या संकलन वह्या, सभासदांची दुधाची कार्डे, काचेच्या नळ्या, लॅक्टोमीटर. आणि माणसांच्या तोंडची हकीकत हवी. हे काम कलाशाखेचे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने वह्या वाचाव्यात, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एका घराचा दहा-दहा दिवसांचा पगार मांडून पाहावा, मराठीच्या विद्यार्थ्याने या धंद्यातले शब्द टिपावेत. ड्रायव्हरला विचारावे : पालखी सणसरला मुक्कामी असताना, बेलवाडीला रिंगण असताना दूध कोणत्या वाटेने जाई? १९७२ च्या दुष्काळात कॅन किती भरत? ओढ्याला पूर आला तर दूध कोणाच्या डोक्यावरून पलीकडे जाई? ज्यांनी मोठ्या गाड्यांच्या काळात स्टिअरिंग धरले, ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. गाडी गंजायला वेळ घेते, आठवण तेवढा वेळ देत नाही.

हकीकत गोळा करताना गैरसोयीचे भागही गाळू नयेत. पाणी घातलेले दूध, मापात मारलेला हात, फॅटच्या रेघेवरची लबाडी, परत आलेला आंबूस कॅन आणि त्याचा दंड कोणाच्या माथी बसला त्याची कथा, हे सारे त्याच गाडीतून गेले आहे. आणखी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. पहाटे उठून शेण काढणारी, वैरण टाकणारी, धार काढणारी बहुधा घरातली बाई असे. संस्थेच्या वहीत नाव मात्र बहुधा पुरुषाचे. वही जशीच्या तशी खरी मानली तर या उद्योगातले निम्मे हात दिसणारच नाहीत. गाडीजवळ फलक लावायचा झाला, तर धार काढणाऱ्या हातांपासून त्याची सुरुवात करावी.

खर्चाचा प्रश्न कोणी काढील, तो रास्तच आहे. संपूर्ण ट्रकला छप्पर, जागा, राखणदार लागतो आणि तो मिळवायला संस्थांची दारे ठोठवावी लागतील. तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. कॅनपासून प्रारंभ करता येईल. त्याला खोलीचा एक कोपरा पुरतो. असे कॅन आजही घराघरांतून पाणी भरायला, बियाणे ठेवायला वापरात आहेत. मागितला तर कोणी ना कोणी देईल. कोणत्या गावच्या कोणत्या संस्थेचा कॅन आहे हे कळावे म्हणून त्याच्या गळ्यावर वा झाकणावर खूण किंवा क्रमांक घातलेला असे, नाहीतर केंद्रावर शेकडो सारख्या कॅनांतून आपला ओळखायचा कसा? त्या खुणेवरून गाव लागते, गावावरून रूट आणि रूटवरून गाडी. कॅन घरी आणल्यावर तो चिंच लावून लख्ख करण्याचा मोह होईल, तेव्हा एवढे पाहावे, की गळ्यावरचा क्रमांक घासून जाणार नाही.